डावीकडचा ब्रेक

ब्रेक तिनं दाबला होता, मास्तरांनी नाही. वाइनरीच्या फाटकातून गाडी आत वळली आणि डावीकडच्या शेडमधून एक माणूस ढकलगाडीवर खोकी रचून थेट पुढ्यात आला. तिला तो दिसला. "अगंबाई, केवढी ही खोकी!" असं ती म्हणालीसुद्धा, पण नेहमीपेक्षा एका श्वासानं उशिरा म्हणाली, आणि ते शब्द कानात शिरून मास्तरांचा पाय हलायच्या आत तिच्याच पायानं काम केलं. गाडी गचका खाऊन थांबली. ढकलगाडीवाल्यानं बॉनेटवर हात टेकून तोल सावरला, काचेतून आतल्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं, हसला आणि निघून गेला. हसला बिचारा! त्याला काय माहीत कुणाच्या तावडीतून सुटला ते. "आलं होतं माझ्या लक्षात," मास्तर म्हणाले. "हो ना," ती म्हणाली. मग गाडी पुन्हा सुरू झाली आणि ती बोलत राहिली, की या बाजूला फुलं किती छान लावलीत, आणि हा दगडी कठडा रस्त्याच्या किती अंगावर बांधलाय बाई, आणि ती निळी गाडी कुणाची असेल, इतकी तिरकी लावलीय. मास्तर कठड्यापासून दूर सरले, निळ्या गाडीला वळसा घालून झोकात उभे राहिले. गाडी लावावी तर मास्तरांनीच. तिनं पाय ब्रेकवरून काढला तेव्हा पोटरीत गोळा आला होता आणि तो नंतर जेवणभर तसाच राहिला.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. मास्तरांनी शाळा बंद केली, बाकीच्या गाड्या विकल्या, ही तेवढी जिवापाड सांभाळली. शिकवणाऱ्याच्या सीटपुढे, म्हणजे डावीकडे, दुसरा ब्रेक असलेली. अर्ध्या गावानं त्या गाडीत बसून मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि गाडी शिकून घेतली होती. शिकली नाही ती फक्त त्यांची बायको. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी तिला मैदानावर नेलं, स्टिअरिंगवर बसवलं, आणि पहिल्याच वळणावर ओरडले, "डावीकडे कोण बघणार? तुझा बाप?" ती रडली, उतरली आणि घरापर्यंत चालत आली. पुन्हा तो विषय निघाला नाही. पुढं ती ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांची बांधणी करायला लागली. सुई, दोरा, खळ आणि दिवसदिवस कुणाशी अवाक्षर नाही. तोंडात तीळ भिजत नाही असं लोक ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यांच्यापैकी ती कधीच नव्हती. आता मात्र घरादाराला वाटत होतं की म्हातारपणी हिच्या तोंडाचा पट्टा सुटलाय.

मुलगा, सून आणि नात आधीच येऊन बसले होते. द्राक्षांच्या मळ्याकडे तोंड केलेला लांबलचक व्हरांडा, लाकडी टेबलं, कोपऱ्यात आडवी रचून ठेवलेली पिंपं, आणि सगळीकडे आंबूस, ओलसर, तळघरातल्यासारखा वास. निमित्त काहीच नव्हतं. मुलाला सुट्टी होती आणि सुनेला स्वयंपाकाचा कंटाळा, एवढंच. "या या, कंपनी आली," मुलगा म्हणाला. "आई, ट्रॅफिकची बातमी काय म्हणतेय आज?" सगळे हसले. मास्तर सगळ्यात मोठ्यानं हसले. ती त्यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीकडे निघाली होती, नेहमीसारखी, तर ठकीनं झडप घालून ती खुर्ची पटकावली. ठकी म्हणजे नात. दहा वर्षांची, लुकडी, आणि आजोबांवर जीव टाकणारी. "मी आजोबांजवळ!" झालं. ती समोर जाऊन बसली. समोरून तिला मास्तरांचा सगळा चेहरा दिसत होता, आणि असा तो किती दिवसांत पाहिला नव्हता हे तिच्या ध्यानात आलं. गाडीत ती त्यांना दिसायचीच नाही, नुसती ऐकू यायची. चेहरा छान होता, दाढी घोटून केलेली, डोळे स्वच्छ. त्या डोळ्यांकडे बघून कोण म्हणेल काही बिघडलंय म्हणून? डॉक्टरही तेच म्हणाले होते. डोळे ठणठणीत आहेत, बिघाड आत आहे, मेंदूत एक बारीकशी गुठळी होऊन गेली, त्यामुळं डावीकडचं जग आत पोचत नाही. मास्तरांना काळं दिसत नाही, अंधुक दिसत नाही, डावीकडे काही आहे हेच त्यांना उमगत नाही. गाडी सोडा, डॉक्टर म्हणाले होते, आजपासून. मास्तर बरं म्हणाले, बाहेर आले, गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "उजवीकडचं मला दिसतं. डावीकडचं तू बघ." आणि थोड्या वेळानं, "घरात बोलू नकोस."

ते ऐकून तिला काय वाटलं होतं? भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भीतीच्याही आधी छातीत काहीतरी ऊबदार पसरलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कुणाला. सबंध संसारात त्या माणसानं तिच्याकडे मीठ मागितलं, रुमाल मागितला, औषध मागितलं. पण तू नसलीस तर माझं अडेल, असं कधी म्हटलं नव्हतं. ती शिकली. "डावीकडे बघा" असं म्हणायचं नाही, सूचना घेणं त्यांच्या रक्तात नाही, लगेच भडकायचे. नुसत्या गप्पा मारायच्या. सायकलवाला आला की त्याच्या सायकलीचं कौतुक. रस्ता कडेनं खचला असेल तर नगरपालिकेच्या नावानं शंख. पोरं खेळत असतील तर "आईबाप कुठं उलथलेत यांचे?" आणि मास्तर हूं हूं करत स्टिअरिंग फिरवायचे. दोघं उगाचच हिंडायला लागली, नदीकडे, टेकडीकडे, कुठंही. इतकी तर ती नवी नवरी असतानाही हिंडली नव्हती. सुख झालं होतं तिला, सरळ सांगायचं तर. आणि आता या टेबलाशी बसून, ढकलगाडीवाल्याचा तो टेकलेला तळवा डोळ्यांसमोर आला की ते सुख घशाशी आंबट होऊन येत होतं.

मेन्यू आले. मास्तरांनी कार्ड हातात धरलं, आणि ते ओळींच्या मधूनच वाचायला लागणार हे ओळखून ती घाईनं मोठ्यानं वाचू लागली: भोपळ्याचं सूप, भाजलेला मासा, बटाटे, तीन प्रकारचं चीज. "आई, येतं त्यांना वाचता," मुलगा म्हणाला. "वाचू दे की," मास्तर म्हणाले, "रेडिओ फुकटचा आहे." पुन्हा हशा. ते स्वतः असे विनोद करायचे तेव्हा तिला राग येत नसे. हा दोघांचा कट होता आणि कटात सामील असलेल्यानं हसून घ्यायचं असतं. मासा आला. मास्तरांनी उजव्या बाजूचा मासा खाल्ला, तारीफ केली, काटा खाली ठेवला; बटाटे, भाजी, लिंबाची फोड, सगळं ताटलीच्या डाव्या अर्ध्यात जसंच्या तसं. घरी ती येताजाता ताट फिरवायची. इथं मध्ये टेबल होतं. तिनं अर्धवट उठून, हात लांब करून त्यांची ताटली फिरवली, तेवढ्यात बाही पाण्याच्या पेल्याला लागून पेला कलंडला. "अगं आई, काय चाललंय! लहान आहेत का ते?" मुलगा म्हणाला. मास्तरांना बटाटे आत्ताच टेबलावर उगवल्यासारखे दिसले. "वा, बटाटेही आहेत का!" ते म्हणाले आणि खायला लागले. सुनेनं रुमालानं पाणी टिपलं. टिपताना तिनं एकदा सासऱ्यांच्या ताटलीकडे पाहिलं, एकदा सासूकडे.

तेवढ्यात इथला मॅनेजर हात पसरून आला. मास्तरांचा जुना विद्यार्थी निघाला. निघणारच, मास्तरांचे विद्यार्थी कुठल्या दगडाखाली नसतात? "मास्तर! तुमच्यामुळं आज हातपाय शाबूत आहेत." तो डावीकडून आला होता, तेव्हा ती चटकन म्हणाली, "बघा हो, कोण आलंय, केवढा उंच झालाय!" मास्तर आवाजाच्या रोखानं वळले, अगदी बेमालूम. "गिअर टाकताना अजून खाली बघतोस का रे?" मॅनेजर लाजला. मास्तरांच्या घरच्यांना माझ्याकडून, म्हणत त्यानं चवीसाठी वाइन पाठवली, लहान लहान पेल्यांत, फिकटपासून गडदपर्यंत. मुलानं घेतली, सुनेनं नको म्हटलं, तिला परत गाडी चालवायची होती. मास्तरांनी तळहात आडवा धरला. "मी गाडीवर असताना नाही. एक थेंब नाही. उभ्या आयुष्यात नाही." आणि हे म्हणताना त्यांची मान अशी ताठ झाली की तिला त्यांचा अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली, आणि या दोन्हींच्या मध्ये तिनं समोरचा पेला उचलून निम्मा रिकामा केला. तुरट होतं. पोटरीतला गोळा तसूभरही सैल झाला नाही.

आणि मग मुलगा म्हणाला. अगदी सहज, पावाला लोणी लावत. "जाताना असं करू. आई, तू आमच्या गाडीत ये. त्या डब्यात एसी नाही, उगाच उकडून निघतेस. ठकी जाईल बाबांबरोबर. कधीपासून मागं लागलीय, पुढच्या सीटवर बसायचंय, तो दुसरा ब्रेक बघायचाय. शिवाय बाबांच्या कानांनाही जरा आराम." ठकीनं खुर्चीतच उडी मारली. "मी ब्रेक मारणार! आजोबा, मी मारू ना?" "तुझे पाय पोचले तर मार," मास्तर म्हणाले. ती मास्तरांकडे पाहत राहिली. आता म्हणतील, आत्ता म्हणतील, नको रे, तुझ्या आईलाच येऊ दे. ते म्हणाले नाहीत. नातीच्या केसांतून हात फिरवत होते, डोळे आनंदानं लकाकत होते, आणि तिला कळलं की त्यांना खरंच काही वाटत नाहीये. त्यांच्या लेखी ते उत्तम गाडी चालवत होते. वर्षभर एकही ओरखडा नाही, तर भ्यायचं कशाला? जे दिसतच नाही त्याची भीती त्यांना कशी वाटणार? तिनं इतकं चोख काम केलं होतं की तिच्या नवऱ्याला वाटत होतं, बायको खरोखरच नुसती बडबडते. परतीचा मोठा रस्ता, डावीकडून येऊन मिळणाऱ्या त्या गल्ल्या, सगळ्या तिच्या डोळ्यांपुढून सरकल्या, आणि त्या सीटवर ही लुकडी पोर. ब्रेक बघायला मिळाला म्हणून खूश.

"मी मागच्या सीटवर बसते की," ती म्हणाली. "आजी, नको ना! फक्त मी आणि आजोबा!" आणि मागं बसून तरी काय? मागं ब्रेक कुठं होता. शब्द उशिरा पडला तर काय होतं ते आज फाटकाशी पाहिलंच होतं.

ती हात धुवायला उठली आणि सून बरोबर आली. आरशासमोर दोघी उभ्या होत्या, पाणी वाहत होतं. आत्ता सांगावं. एवढं सोपं होतं, चार शब्द. सून पाण्याखाली बोटं धरून म्हणाली, "आई, एक विचारू? गाडीत एवढं बोलायला तुम्हाला विषय कुठून सुचतात? आमच्या गाडीत कुणी बोलतच नाही. तो फोनवर असतो, ठकी कानात इअरफोनची बोंडं घालून. मला कधीकधी तुमचा हेवा वाटतो." तिनं सुनेकडे आरशात पाहिलं. थट्टा नव्हती. आणि घशापर्यंत आलेलं ते चार शब्दांचं वाक्य तिनं परत गिळलं. सांगितलं की ते सगळं खोटं होणार होतं, हेव्याजोगं होतं ते. नदी, टेकडी, हूं हूं. मग उद्यापासून दोघं घरात बसणार, समोरासमोर, आणि ते तिच्याकडे बघणार पण नाहीत, फितूर म्हणून. तिनं नळ बंद केला. "सुचतं काहीतरी," ती म्हणाली. मनात मात्र स्वतःला शिव्या घालत होती. पोरीच्या जिवापुढं तुझ्या हिंडण्याफिरण्याची काय मातब्बरी, बये? काय हे!

परत येऊन ती बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांना डावीकडचं दिसत नाही." आवाज वाजवीपेक्षा मोठा आला. शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वळवली. "काय?" मुलगा म्हणाला. "तुझ्या वडलांना. डावीकडचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय." मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं, लहान मुलाला आईनंच चिमटा काढल्यावर असतं तसं. मग त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश हसू पसरलं. तिच्या पुढ्यातला निम्मा रिकामा पेला त्यांनी दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवला. "चढली!" ते म्हणाले. "अरे, हिला चढली! एवढ्याशा वाइनवर!" मुलगा हसत सुटला. "आई, बस खाली, पाणी पी." ठकी टाळ्या पिटायला लागली. "आजीला चढली, आजीला चढली!" इतके दिवस इतकं बोलून ठेवलं होतं तिनं, फुलांबद्दल, कठड्यांबद्दल, खड्ड्यांबद्दल, की आता तिच्या बोलण्याला कवडीची किंमत उरली नव्हती. सून तेवढी हसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "मी काय म्हणते, आज मीच तुमची गाडी—" "काही नको," मास्तर म्हणाले आणि उठले. आता हसू गेलं होतं. "गाडी मी चालवतो. ठकी, चल. बघू पाय पोचतात का."

ठकी त्यांच्या डाव्या कोपराशीच उभी होती, हात पुढं करून. मास्तरांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "गेली वाटतं पुढं," ते म्हणाले. ती पोर खुदकन हसली, तिला वाटलं आजोबा लपाछपी खेळतायत. मुलगाही हसला. "इथंच तर आहे मी!" असं ओरडून ठकी त्यांना वळसा घालून पायऱ्यांकडे धावत सुटली. उघड्या माळावर ठेवल्यासारखी गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती आणि एकाच्याही नजरेला पडत नव्हती. तिला ओरडावंसं वाटलं, हसता काय मेल्यांनो! पण ओरडून काय उपयोग, ओरडणं म्हणजेही तिचं आणखी थोडं बोलणंच झालं असतं.

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली आणि ते पायऱ्यांकडे निघाले. त्यांच्या डावीकडच्या स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून एक वेटर बाहेर पडत होता, खांद्याच्या उंचीवर तबक, तबकात भरलेले पेले. तो पाठीनं दार ढकलत उलटा येत होता. तिला दोघंही दिसत होते. अंतर दिसत होतं, वेग दिसत होता, वर्षभर तिनं दुसरं केलंच काय होतं? "अय्या, किती पेले ते!" हे शब्द तयार होऊन जिभेवर आले, नेहमीच्या वेळी, एक श्वासही उशीर न करता. उजवा पाय व्हरांड्याच्या फरशीवर आपोआप दाबला गेला. आणि तिनं तोंड मिटून घेतलं. दातांत ओठ धरून, खुर्चीची पाठ आवळून, ती गप्प राहिली. इतकं कठीण तिनं आयुष्यात काही केलं नव्हतं. मास्तर झपाझप चालत होते, मान ताठ, आणि एक पाऊल टाकताना त्यांनी कान जरासा डावीकडे केला, कुणी काही म्हणतंय का म्हणून ऐकल्यासारखा. कुणी काही म्हटलं नाही.

आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला. तबक, पेले, वेटरची आरोळी, आणि मग फरशीवर कितीतरी वेळ घरंगळत राहिलेला एक पेला. मास्तर खांबाला धरून उभे होते. सदऱ्यावर डावीकडून लाल ओघळ उतरत होते. कापलं नव्हतं कुठं, नुसती वाइन होती. पण मुलगा पांढराफटक पडून धावला. "बाबा! लागलं का? अहो, समोर होता तो! एवढा मोठा माणूस समोर—" आणि तिथंच तो थांबला. समोर नव्हता, डावीकडे होता. मुलानं मान फिरवून आईकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना तिला दिसली. तिला रडू येत होतं. तिनं ते येऊ दिलं.

मास्तरांनी मुलाकडे लक्ष दिलं नाही. ते तिला शोधत होते. चेहरा डावीकडे वळवत वळवत नेला तेव्हा ती त्यांच्या नजरेत आली. "बोलली नाहीस," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता, पण सगळे इतके स्तब्ध होते की सगळ्यांना ऐकू गेला.

"नाही बोलले," ती म्हणाली.

बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, संपलं. आता हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही. मग त्यांनी एक पाऊल उचललं आणि ते अधांतरीच धरलं. खाली कुठं काय सांडलंय याचा त्यांना अंदाज येईना. मुलगा हात धरायला पुढं झाला तर त्यांनी तो झटकला. "तू थांब," ते म्हणाले, आणि मग मोठ्यानं, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं, तिला म्हणाले, "काच कुठवर आहे?"

ती डोळे पुसून पुढं आली. फुलं नाहीत, कौतुक नाही, नगरपालिका नाही. तिनं सरळ सांगितलं. "डावीकडे सगळी काच आहे. तुमच्या बुटापर्यंत. उचललेला पाय मागे ठेवा. आता उजवीकडे दोन पावलं. बास." मास्तरांनी पाय मागे ठेवला, दोन पावलं उजवीकडे सरकले आणि थांबले. त्यांच्या गाडीत बसलेल्या कुठल्याही विद्यार्थ्यानं इतकं मुकाट ऐकलं नसेल. हातातली किल्ली त्यांनी पुढं धरली. सून आली आणि तिनं ती घेतली.

बाहेर पार्किंगमध्ये हॉर्न वाजला. जुनी गाडी, दाराला कुलूप लागत नव्हतं. ठकी आत जाऊन बसली होती. पुन्हा वाजला, लांबलचक. "मी सांगतो तिला," मुलगा म्हणाला.

"नको," मास्तर म्हणाले. "तिला मीच सांगणार." त्यांनी हात पुढं केला, कुठं धरायचं ते न कळून हवेतच ठेवला. "मला गाडीपर्यंत ने."

तिनं तो हात धरला. पायऱ्या किती आहेत, पहिली कुठं आहे, हे सांगत ती त्यांना खाली घेऊन गेली.